विद्यापीठीय अध्यापकांसाठी संशोधन अनुदान (भारत)

विद्यापीठात किंवा संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकाला विशिष्ट विषयावरील संशोधनासाठी, वेतनाव्यतिरिक्त आणि ठरावीक मुदतीकरिता, स्पर्धात्मक निवडीतून मिळणाऱ्या निधीला संशोधन अनुदान असे म्हणतात. भारतात हा निधी प्रामुख्याने केंद्र शासनाची खाती, आयोग व परिषदा देतात. राज्य शासने, खुद्द विद्यापीठे, उद्योग आणि धर्मादाय न्यास यांचा वाटा त्यामानाने मर्यादित आहे. अनुदान अध्यापकाच्या प्रस्तावाला मंजूर होते, परंतु रक्कम त्याच्या हाती न येता संस्थेकडे वर्ग होते. संशोधनाची जबाबदारी एकाची आणि हिशेबाची यंत्रणा दुसऱ्याची, या रचनेतच अनुदानाच्या सोयी व अडचणी दोन्ही दडलेल्या आहेत.

पार्श्वभूमी

भारतातील आधुनिक संशोधनाची उभारणी बऱ्याच अंशी विद्यापीठांबाहेर झाली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली व तिच्या प्रयोगशाळांना थेट शासकीय निधी मिळू लागला. अणुऊर्जा, संरक्षण आणि अवकाश या क्षेत्रांतही स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. विद्यापीठांकडे अध्यापन व परीक्षा ही कामे राहिली आणि त्यांच्या नियमित अंदाजपत्रकाचा बहुतांश भाग वेतनावर खर्च होऊ लागला. त्यामुळे प्रयोगशाळेसाठी एखादे उपकरण घ्यायचे किंवा गावोगावी सर्वेक्षण करायचे, तर अध्यापकाला बाहेरच्या निधीकडे पाहावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार देशाचा संशोधन व नवोपक्रमावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या केवळ ०.६९ टक्के होता. त्याच धोरणात दक्षिण कोरियासाठी हा आकडा ४.२ टक्के दिला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोग

१९५३ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५६ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने लघु संशोधन प्रकल्प व बृहत् संशोधन प्रकल्प अशा दोन योजना दीर्घकाळ चालवल्या. महाविद्यालयीन अध्यापकांचा संबंध मुख्यत्वे लघु प्रकल्पांशी येई. महाराष्ट्र, गुजरात व गोवा येथील महाविद्यालयांचे असे प्रस्ताव आयोगाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय कार्यालयाकडे जात. महाविद्यालयाला आयोगाच्या कायद्यातील कलम २(फ) व १२(ब) खाली मान्यता असणे आवश्यक होते. रक्कम मोठी नसली तरी तालुक्याच्या ठिकाणी मराठी, इतिहास किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने संशोधनाच्या जगात प्रवेश करण्याचा हाच सर्वांत सुलभ मार्ग होता. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपल्यानंतर या योजना पूर्वीच्या स्वरूपात पुढे चालू राहिल्या नाहीत. त्यांची जागा तेवढ्याच व्यापकतेने भरून काढणारी योजना त्यानंतर आलेली नाही.

५ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने नव्या योजना जाहीर केल्या. त्यांपैकी सेवेतील अध्यापकांसाठीच्या योजनेत २०० जणांना, तर डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या नावाच्या योजनेत नव्याने नियुक्त झालेल्या १३२ सहायक प्राध्यापकांना प्रत्येकी १० लाख रुपये दोन वर्षांसाठी देण्याची तरतूद होती. पहिल्या योजनेसाठी पाच पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन आणि दोन अनुदानित प्रकल्प पूर्ण केल्याचा अनुभव मागितला होता. पदव्युत्तर विभाग नसलेल्या महाविद्यालयातील अध्यापकाला ही अट पूर्ण करणे जवळपास अशक्य असते.

विज्ञान व अभियांत्रिकी

या शाखांतील सर्वांत मोठा स्रोत म्हणजे २००८ च्या कायद्याने निर्माण झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आणि त्याची जागा घेणारे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. प्रतिष्ठानाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला व तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. पंतप्रधान हे प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला; त्यातील १४,००० कोटी केंद्र शासनाकडून आणि उर्वरित ३६,००० कोटी उद्योग, दाते व अन्य बिगर-शासकीय स्रोतांकडून अपेक्षित आहेत. म्हणजे संकल्पित निधीचा मोठा भाग शासनाबाहेरून उभा राहणे गरजेचे आहे.

मंडळाच्या काळातील योजनांमध्ये अनुभवी संशोधकांसाठीचे मूलभूत संशोधन अनुदान, नवनियुक्त अध्यापकांसाठी दोन वर्षांकरिता ३० लाख रुपयांपर्यंतचे प्रारंभिक अनुदान आणि गणितासारख्या सैद्धांतिक विषयांसाठी वर्षाला २ लाख रुपये देणारी ‘मॅट्रिक्स’ योजना यांचा समावेश होता. गणितज्ञाला यंत्रसामग्री लागत नाही, प्रवास, पुस्तके व संगणक लागतात; हे ओळखून आखलेली योजना म्हणून ‘मॅट्रिक्स’ उल्लेखनीय ठरते. ‘टेअर’ योजनेत राज्य विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील नियमित अध्यापक आपली नोकरी न सोडता वर्षातील काही काळ एखाद्या नामवंत संस्थेत संशोधन करू शकतो. राज्य विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यासाठी ‘शुअर’ ही योजनाही आखण्यात आली. नव्या प्रतिष्ठानाने २०२४ मध्ये आणलेल्या ‘पेअर’ योजनेत एका अग्रणी संस्थेभोवती काही विद्यापीठे जोडून त्यांना एकत्रित निधी देण्याची कल्पना आहे.

याशिवाय १९८६ मध्ये स्थापन झालेला जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद याही संस्था आपापल्या क्षेत्रांत अनुदाने देतात. वैद्यक संशोधन परिषद १९११ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली होती. पैशापेक्षा साधनांची उपलब्धता अधिक उपयोगी ठरल्याचे उदाहरण म्हणून पुण्यातील आयुकाकडे पाहता येते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या सहयोगी योजनेतून देशभरातील विद्यापीठीय व महाविद्यालयीन अध्यापक तेथे येऊन राहतात आणि ग्रंथालय व संगणकीय सुविधा वापरून खगोलशास्त्रात काम करतात.

सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या

१९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, शिक्षणशास्त्र इत्यादी विषयांतील बृहत् व लघु प्रकल्पांना साहाय्य करते. तिचे पहिले अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते. इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्यासाठी स्वतंत्र परिषदा आहेत. भाषा व साहित्य या विषयांसाठी मात्र तशी समकक्ष परिषद नाही. लघु प्रकल्पांची योजना थांबल्याचा फटका या विषयांच्या अध्यापकांना म्हणूनच अधिक बसला.

प्रस्ताव आणि छाननी

प्रस्तावात विषयाची मांडणी, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, कार्यपद्धती, वर्षनिहाय वेळापत्रक आणि अंदाजपत्रक असते. प्रस्ताव सादर करणाऱ्यास प्रमुख संशोधक म्हणतात. संस्थाप्रमुखाला जागा, वीज, प्रयोगशाळा इत्यादी पायाभूत सोयी पुरवण्याची लेखी हमी द्यावी लागते. प्रस्ताव प्रथम विषयतज्ज्ञांकडे व नंतर समितीकडे जातो. काही योजनांत अर्जदाराला समितीपुढे सादरीकरण करावे लागते. छाननीत विषयाच्या नावीन्याबरोबर अर्जदाराचे आधीचे प्रकाशन आणि उपलब्ध सुविधाही पाहिल्या जातात. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे त्याला अनुदान मिळते आणि अनुदान मिळाल्याने प्रयोगशाळा वाढते. सुरुवातच नसलेल्याला या चक्रात शिरणे कठीण जाते. नवनियुक्तांसाठी व राज्य विद्यापीठांसाठी वेगळ्या योजना आखण्यामागचे कारण हेच आहे.

खर्च व हिशेब

मंजूर रक्कम अनावर्ती व आवर्ती अशा दोन भागांत विभागलेली असते. उपकरणे अनावर्ती शीर्षाखाली येतात. संशोधन सहायकाचे विद्यावेतन, रसायने व इतर उपभोग्य वस्तू, प्रवास आणि आकस्मिक खर्च आवर्ती शीर्षाखाली. अनेक योजनांत संस्थेला प्रशासकीय खर्चापोटी वेगळा अंश मिळतो. एका शीर्षातील पैसा दुसऱ्या शीर्षात वळवण्यासाठी सहसा निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते.

रक्कम हप्त्यांनी येते. पुढील हप्त्यासाठी खर्चाचे विवरण, प्रगती अहवाल आणि विहित नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे लागते. या प्रमाणपत्रावर प्रमुख संशोधकाबरोबर संस्थेच्या वित्त अधिकाऱ्याची व प्रमुखाची स्वाक्षरी आवश्यक असते. लेखा विभागात कागद अडकला की हप्ता लांबतो आणि हप्ता लांबला की सर्वांत आधी झळ बसते ती संशोधन सहायकाला. कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये करण्यात आले. पण ते दरमहा हाती पडेलच, याची हमी प्रकल्पाच्या हप्त्यावर अवलंबून असते. अखर्चित रक्कम आणि तिच्यावरील व्याज प्रकल्पाअखेर परत करावे लागते.

खरेदीचे नियम हा तक्रारीचा जुना विषय आहे. शासकीय ई-बाजारपेठेतून खरेदी करण्याची अट कार्यालयीन वस्तूंसाठी सोयीची असली, तरी विशिष्ट शुद्धतेच्या रसायनांना किंवा एकाच उत्पादकाकडे मिळणाऱ्या सुट्या भागांना ती लागू करणे अवघड होते. जून २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक खरेदीसाठी सवलती दिल्या. दरपत्रकांशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये, संशोधन अनुदानांवर वस्तू व सेवा कराची मागणी झाल्याने वाद निर्माण झाल्यानंतर, वस्तू व सेवा कर परिषदेने कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना व संशोधन केंद्रांना मिळणारी अनुदाने करमुक्त करण्याची शिफारस केली.

पदोन्नतीशी संबंध

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० लाख रुपयांहून अधिक रकमेच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पास १० गुण आणि त्याहून कमी रकमेच्या प्रकल्पास ५ गुण मिळतात. गुण रकमेवर ठरत असल्याने कमी खर्चात होणारे अभिलेखागारातील किंवा सैद्धांतिक काम या मोजणीत मागे पडते.

पात्रतेची मर्यादा

बहुतेक योजनांत अर्जदार नियमित नियुक्तीवर असणे आणि प्रकल्पाच्या मुदतीपेक्षा अधिक सेवा शिल्लक असणे अपेक्षित असते. प्रकल्प मध्येच सोडला जाऊ नये, हा यामागील हेतू समजण्यासारखा आहे. तथापि महाराष्ट्रात रिक्त पदांवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अध्यापकांची संख्या मोठी असून त्यांपैकी अनेक जण पीएच.डी. प्राप्त आहेत. प्रत्यक्षात विभाग चालवणारा हा वर्ग प्रमुख संशोधक म्हणून अर्ज करू शकत नाही. काही योजनांत त्यांना नियमित अध्यापकाच्या प्रकल्पात मानधनावर सहायक म्हणून काम करता येते. अशा प्रकल्पातील उपकरणांची मालकी संस्थेकडे राहते आणि अनुदानाच्या नोंदीत नाव प्रमुख संशोधकाचे लागते.