फवारणीचा हंगाम आणि मोबाईलवरील वैद्यकीय सल्ला

कपाशीवर दिवसभर फवारणी करून घरी परतलेल्या मजुराला सायंकाळी मळमळू लागते. घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, नजर धूसर होते. घरातील तरुण मुलगा मोबाईल काढून ‘फवारणीचे विष चढल्यास उपाय’ असे शोधतो आणि काही क्षणांत डझनभर उत्तरे समोर येतात : दूध पाजा, मिठाचे पाणी देऊन उलटी करवा, लिंबू चाटवा, गूळ खायला द्या. यांपैकी एकही या विषावरचा उतारा नाही. मिठाचे पाणी तर जिवावर बेतू शकते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या खरीप हंगामात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्यानंतर हातमोजे, मुखपट्टी, संरक्षक पोशाख यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आजारपणाच्या वेळी माहिती कोठून घ्यावी, याविषयी मात्र त्या मानाने कमीच. विस्तार कार्यकर्त्याला हा प्रश्न वारंवार भेटतो, कारण अनेक गावांत डॉक्टरच्या आधी फोन त्याला जातो.

पहिली गोष्ट अशी, की सर्च इंजिनमध्ये सर्वांत वर दिसणारे उत्तर हे सर्वांत खरे उत्तर असतेच असे नाही. क्रम ठरविताना लोक कशावर अधिक क्लिक करतात, पानातील शब्द प्रश्नाशी किती जुळतात, असे अनेक घटक मोजले जातात. काही जागा तर जाहिरातदारांनी विकत घेतलेल्या असतात. व्हिडिओवरील लाखो दर्शक हे लोकप्रियतेचे माप आहे, उपचाराच्या गुणाचे नव्हे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांशही वर दिसू लागला आहे. तो सफाईदार भाषेत असतो, पण त्यात बरोबर व चूक एकाच आत्मविश्वासाने सांगितले जाऊ शकते. अशा सारांशाखाली मूळ स्रोताचा दुवा असल्यास तेथे जाऊन वाचणे, एवढाच त्याचा सुरक्षित उपयोग.

मूळ पान उघडल्यावर प्रथम पाहावे ते लेखकाचे व संस्थेचे नाव. पानाच्या तळाशी तेच औषध विक्रीस असेल, तर ती माहिती नसून जाहिरात आहे असे समजावे. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार समूळ बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच मनाई आहे. तरीही त्या रोज दिसतात. नावापुढे ‘डॉक्टर’ लागले म्हणजे वैद्यकीय पदवी आहे असेही नाही. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंद राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येते. पानावरील मानचिन्हांनाही एकटे प्रमाण मानू नये. जिनिव्हा येथील ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था १९९६पासून आरोग्यविषयक संकेतस्थळे तपासून ‘हॉन कोड’ नावाचे चिन्ह देत असे. डिसेंबर २०२२मध्ये हे काम बंद झाले. जुन्या पानावर ते चिन्ह आजही दिसले, तर त्यामागे तपासणारे कोणी उरलेले नाही. केंद्र सरकारचे आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील मजकूर हा सुरुवातीसाठी चांगला आधार आहे. मात्र ‘असे आयुर्विज्ञान परिषद म्हणते’ अशी शिफारस घेऊन व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर त्या संकेतस्थळावर सापडत नसेल, तर तो परिषदेचा नाही असेच धरून चालावे.

तारीख पाहण्याची सवय शेतीत सर्वांना आहे. मुदत संपलेले कीटकनाशक कोणी जाणूनबुजून घेत नाही. वैद्यकीय सल्ल्याचीही मुदत संपते. विष पोटात गेल्यास उलटी करवावी, हा सल्ला एकेकाळी प्रथमोपचाराच्या पुस्तकांत सर्रास असे. अमेरिकेत पालकांना त्यासाठी ‘इपिकॅक’ नावाचे औषध घरात ठेवण्यास सांगितले जाई. २००३मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच ते घरी वापरू नये असे जाहीर केले. आपल्या कीटकनाशकांच्या बाबतीत धोका अधिक आहे. अनेक द्रवरूप कीटकनाशकांत रॉकेलच्या जातीची द्रावके असतात. उलटीबरोबर ती श्वासनलिकेत शिरली तर फुप्फुसांना गंभीर इजा होते, आणि रुग्ण अर्धवट शुद्धीत असेल तर ही शक्यता आणखी वाढते. मिठाचे पाणी भरपूर पाजल्याने रक्तातील सोडियम वाढून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जुना लेख, जुने पत्रक, नव्या वेशात पुन्हा पोस्ट झालेले जुने छायाचित्र, या सर्वांमधून तो कालबाह्य सल्ला अजून फिरतो आहे. पान केव्हा लिहिले व केव्हा सुधारले हे नोंदवलेले नसेल, तर विषबाधेसारख्या विषयात त्यावर विसंबू नये.

माहिती खरी असते, संस्थाही नामांकित असते, तरीही ती वाचणाऱ्याच्या कामाची नसते, असेही घडते. याचे स्पष्ट उदाहरण सर्पदंश. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील. इंटरनेटवर इंग्रजीत शोध घेतला तर ऑस्ट्रेलियातील दाबपट्टीची पद्धत हमखास समोर येते : दंश झालेला संपूर्ण हात किंवा पाय लवचीक पट्टीने घट्ट गुंडाळून स्थिर ठेवावा. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथे विकसित झाली आणि तेथील सापांसाठी ती योग्यच आहे, कारण तेथील घातक साप मुख्यतः नागाच्या कुळातील आहेत. आपल्याकडील शेतांत घोणस आणि फुरसे यांचे दंशही मोठ्या संख्येने होतात. त्यांचे विष दंशाच्या जागेची ऊती नासवते. ते एकाच ठिकाणी दाबून कोंडले तर तेथील हानी वाढण्याची भीती असते. म्हणून आपल्याकडील सरकारी मार्गदर्शनात घट्ट बांधणे, चिरणे, रक्त चोखणे हे सर्व टाळण्यास सांगितले आहे. रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. मोडलेले हाड जसे आधार देऊन स्थिर ठेवतात तसा तो अवयव ठेवावा, अंगठी, कडे, पैंजण काढावेत आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे.

अमेरिकेतील पाने आणखी वेगळी. तेथील प्रतिविष खुळखुळ्या सापांच्या गटासाठी बनवलेले असते. भारतात वापरले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते. त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेण्याची गरज नसते, उलट त्या खटपटीत दुसरा दंश होण्याचा धोका असतो. पश्चिम घाटातील चापडा गटाच्या काही सापांवर मात्र हे प्रतिविष लागू पडत नाही. म्हणजे कोकण किंवा केरळमधील बागायतदाराला लागणारी माहिती विदर्भातील कापूस उत्पादकाच्या माहितीहूनही थोडी निराळी आहे. वाणांची शिफारस विभागवार असते, हे ज्यांना नव्याने सांगावे लागत नाही, त्यांना प्रथमोपचाराची शिफारसही विभागवार असू शकते हे लवकर पटते.

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ हे वाक्यही तसेच पारखून घ्यावे लागते. येथेही शेतीतील अनुभव उपयोगी पडतो. प्रयोगशाळेत काचपात्रात बुरशी मेली म्हणून कोणी त्या द्रावणाची शिफारस करीत नाही. कुंडी, प्रक्षेत्र, अनेक ठिकाणच्या चाचण्या आणि सलग हंगाम यांतून ते जावे लागते. पशुपालकांना परिचित असलेल्या आयव्हरमेक्टिनचे असेच झाले. एप्रिल २०२०मध्ये मेलबर्न येथील संशोधकांनी हे औषध पेशीसंवर्धनात करोना विषाणूची वाढ रोखते असे दाखवले. त्यासाठी वापरलेली मात्रा मात्र माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसाने साधते त्याहून पुष्कळच अधिक होती. बातमीत ही ओळ गळाली. मे २०२१मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना हे औषध देण्याची घोषणा केली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, मार्चमध्ये, ते फक्त चाचण्यांपुरते वापरावे असे सांगितले होते. सप्टेंबर २०२१मध्ये भारतातील उपचार मार्गदर्शिकेतून ते वगळण्यात आले आणि २०२२मध्ये ब्राझीलमधील तेराशेहून अधिक रुग्णांवरील चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. कोठे मूळ संशोधन वाचण्याची वेळ आलीच, तर प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, माणसांवर असल्यास किती जणांवर आणि तुलनेसाठी दुसरा गट होता की नाही, एवढे तरी शोधावे.

याच ओघात एक गोष्ट प्रगतशील उत्पादकांसाठी. खपली गहू, नाचणी, शेवगा पावडर यांची थेट विक्री करताना ‘मधुमेह बरा होतो’ असे वेष्टनावर किंवा गटावर लिहिण्याचा मोह होतो. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या विनियमांत बसत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे ते वाचून एखादा ग्राहक औषध बंद करू शकतो.

कीटकनाशकाच्या विषबाधेबाबत सर्वांत जवळचा स्रोत इंटरनेटवर नसून बाटलीवरच आहे. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार प्रत्येक डब्यासोबत माहितीपत्रक असणे आवश्यक असून त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो, तोही प्रादेशिक भाषेत. लेबलवरील चौकटीचा खालचा त्रिकोण लाल असेल तर अतितीव्र विष, पिवळा असेल तर तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. उताऱ्याची ओळ का महत्त्वाची, हे दोन गटांवरून कळते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकासारख्या बारीक होतात, आणि रुग्णालयात ॲट्रोपिन वेळेवर मिळाल्यास जीव वाचतो. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र खात्रीचा उतारा नाही. ‘फवारणीचे विष’ एवढेच सांगितले, तर डॉक्टरला पहिला तास अंदाजात घालवावा लागतो.

म्हणून शोध घेण्याची खरी वेळ हंगामापूर्वीची. पेरणीपूर्व सभेत विस्तार कार्यकर्त्याने गावात वापरात असलेल्या कीटकनाशकांची माहितीपत्रके गोळा करावीत. जी मिळत नाहीत, त्यांच्यासाठी फरिदाबाद येथील केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत रसायनांचा तपशील पाहावा. प्रतिविष व ॲट्रोपिन कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे करून ठेवावी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही क्रमांक फवारणी पंप ठेवण्याच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. प्रत्यक्ष प्रसंगी हातमोजे घालून रुग्णाचे भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवावे, आणि निघताना कीटकनाशकाची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्यावी. ते शक्य नसेल तर लेबलचे चारही बाजूंनी स्पष्ट छायाचित्र काढून घ्यावे.