स्टॉकहोमच्या जुन्या पेठेतून पायी

युरोपातील पहिली कागदी नोट ज्या शहराने काढली, त्याच शहरात आज कॉफीच्या दुकानात नोट पुढे केली तर विक्रेती नम्रपणे मान हलवते आणि कार्डाच्या यंत्राकडे बोट दाखवते. चौतीस वर्षे बँकेत नोटांच्या थप्प्या हाताळलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा अनुभव चमत्कारिक वाटला. लेक आणि जावई नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तेथे दीड महिना राहिलो. दोघे सकाळी कामावर जात, पत्नीला गुडघ्यांमुळे फार चालवत नसे. मग मी एकटाच कागदी नकाशा, पाण्याची बाटली आणि खाखऱ्याची पुडी घेऊन बाहेर पडत असे. मार्गदर्शक घेतला नाही. त्याची गरजही भासली नाही, कारण जुने शहर आटोपशीर आहे.

स्टॉकहोमची प्रेक्षणीय स्थळे पुष्कळ आहेत. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ साली वर काढलेले वासा हे जहाज किंवा नोबेल मेजवानी होते तो नगरभवनाचा भव्य दिवाणखाना यांविषयी अनेकांनी लिहिले आहे. मी येथे एकच पायवाट सांगणार आहे. अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. मात्र थांबत, वाचत, बसत गेल्यास तीन तास सहज लागतात. व्यापारी घरातील वाचकांना ती विशेष रुचेल, कारण आपण ज्याला ‘पत’ म्हणतो, तिचा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या वाटेवर दगडविटांत उभा आहे.

लोखंडाचा चौक

भुयारी रेल्वेने ‘गाम्ला स्तान’ म्हणजेच ‘जुने शहर’ या स्थानकावर उतरावे. हे एक छोटे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला ‘यार्नतोर्येत’ हा चौक लागतो. नावाचा अर्थ लोखंडाचा चौक. त्यापूर्वी येथे धान्याचा बाजार भरे. पुढे स्वीडनच्या खाणींतील लोखंड परदेशी रवाना होण्यापूर्वी येथील सार्वजनिक काट्यावर तोलले जाऊ लागले. विकणारा खाणप्रदेशातला, घेणारा बहुधा समुद्रापलीकडचा. दोघांची ओळख नाही, भाषाही वेगळी. त्या दोघांमध्ये विश्वासाची जागा नगराच्या काट्याने घेतली होती.

आपल्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितला आहे, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. पाठशाळेत पाठ केलेला हा शब्द मला त्या चौकात आठवला. खोटे माप म्हणजे केवळ चार शेरांची चोरी नव्हे. पुढच्या प्रत्येक व्यवहारातील भरवशाची ती चोरी असते.

याच चौकात एक साधी, भक्कम, जुनी इमारत आहे. निकोदेमुस तेसिन या वास्तुविशारदाने आराखडा केलेली ही इमारत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या राष्ट्रीय बँकेसाठी बांधली गेली. बँकेसाठीच म्हणून उभारलेल्या जगातील अतिशय जुन्या वास्तूंपैकी ती एक. १९०६ पर्यंत बँक येथे होती. बहुतेक प्रवासी समोरच्या कॉफीगृहात बसून तिच्याकडे पाठ करतात. मी मात्र तिच्या दारासमोर अर्धा तास उभा होतो.

नोटेचा जन्म आणि पहिली बुडीत बँक

त्या काळी स्वीडनमध्ये फालूनच्या खाणींमुळे तांबे विपुल होते, म्हणून नाणी तांब्याची निघत. तांबे चांदीपेक्षा स्वस्त. मोठ्या मूल्याचे नाणे साहजिकच प्रचंड वजनाचे होई. १६४४ साली काढलेले दहा दालरचे नाणे म्हणजे तांब्याचा जवळजवळ वीस किलोचा पत्रा होता! अशी तांब्याची पाने शहराच्या पूर्व भागातील इतिहास संग्रहालयाच्या आवारात पाहावयास मिळतात. त्यासाठी दुसरा दिवस राखून ठेवावा. मोठी रक्कम चुकती करायची तर व्यापाऱ्याला गाडी जोडावी लागे.

योहान पाल्मस्त्रुक नावाच्या रीगा येथे जन्मलेल्या हुशार गृहस्थाने १६५६ साली राजाकडून सनद मिळवून बँक काढली. लोक तांबे ठेवीत आणि पावती घेत. पुढे सरकारने नवी नाणी कमी वजनाची काढली, तेव्हा जुनी जड नाणी परत घेण्यासाठी ठेवीदारांची झुंबड उडाली. १६६१ साली पाल्मस्त्रुकने त्यावर तोड काढली : ठरावीक रकमेची, कोणालाही देता येईल अशी छापील कागदी चिठ्ठी. हीच युरोपातील पहिली नोट. लोकांना ती फार आवडली. वीस किलोच्या जागी एक कागद!

पुढचे कोणत्याही बँक अधिकाऱ्याला न सांगता कळेल. नोट छापणे सोपे, म्हणून कर्जे वाटणे सोपे झाले. तिजोरीतील तांब्यापेक्षा बाहेरचा कागद कितीतरी अधिक झाला. कुजबुज सुरू झाली, मग रांगा लागल्या, आणि दोन-तीन वर्षांत बँकेला देणी भागवता येईनात. १६६८ साली पाल्मस्त्रुकला मृत्युदंड फर्मावण्यात आला. तो पुढे माफ झाला, पण कारावास टळला नाही. सुटकेनंतर १६७१ मध्ये तो मरण पावला.

त्याच १६६८ साली नवी बँक स्थापन झाली. तीच आजची ‘रिक्सबँक’, जगातील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक. ती राजाच्या नव्हे, तर प्रतिनिधी सभेच्या अखत्यारीत ठेवली गेली आणि तिला नोटा काढण्यास मनाई करण्यात आली. सरदार, धर्मगुरू आणि नगरवासी व्यापारी असे तीन वर्ग कारभारात आले. शेतकऱ्यांच्या वर्गाने मात्र आरंभी अंग काढून घेतले. दुधाने तोंड पोळलेल्यांनी ताकही फुंकून प्यावे, तसे.

त्या दारासमोर मला आमच्या गावातील एका पतसंस्थेची आठवण झाली. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नात्यातील एका काकूंना पतीच्या विम्याचे पैसे मिळाले होते. त्यांनी मला विचारले, “अण्णा, तू बँकेत आहेस, तुला कळते. तिथे दोन टक्के जास्त मिळतात म्हणे. ठेवू का?” मी संस्थेचा ताळेबंद पाहिला नव्हता. संचालक मंडळी ओळखीची, मंदिरात रोज भेटणारी. मी म्हणालो, “ठेवा, आपलीच माणसे आहेत.” दोन वर्षांनी संस्थेचे शटर खाली आले. काकूंना रकमेचा काही भाग हप्त्याहप्त्याने, पुष्कळ वर्षांनी मिळाला. त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. कर्ज मागणाऱ्याचा ताळेबंद तीनदा तपासणारा मी, आप्ताला सल्ला देताना एकदाही कागद मागितला नाही. पाल्मस्त्रुकला हसण्याचा अधिकार मला नव्हता.

अरुंद बोळ आणि परके व्यापारी

चौकातून ‘वेस्तेरलाँगगातान’ या गजबजलेल्या रस्त्याने थोडे पुढे गेले की उजव्या हाताला शहरातील सर्वांत अरुंद बोळ लागतो. एके ठिकाणी त्याची रुंदी अवघी नव्वद सेंटिमीटर आहे. छत्तीस पायऱ्या चढून वर जावे लागते. समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरून उभे राहावे. बोळाचे नाव मोर्टेन ट्रॉट्सिग या व्यापाऱ्यावरून पडले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो जर्मनीतून येथे आला, लोखंड-तांब्याच्या व्यापारात मोठा झाला आणि येथे त्याने घरे घेतली. देश सोडून आलेल्या व्यापाऱ्याचे नाव चार शतके एखाद्या गल्लीला चिकटून राहावे, हे आपल्यातील अनेक कुटुंबांना जवळचे वाटेल.

बोळ चढून वर आले की काही मिनिटांत जर्मन चर्चचा उंच मनोरा दिसतो. उत्तर जर्मनीतील व्यापारी संघाची माणसे मध्ययुगात येथे इतकी होती की नगरसभेच्या निम्म्यापर्यंत जागा जर्मनांना देण्याची कायद्यात तरतूद होती. १४७१ च्या लढाईनंतर ती रद्द झाली. व्यापार मात्र चालूच राहिला.

मोठा चौक

तेथून ‘स्तूरतोर्येत’ हा शहरातील सर्वांत जुना चौक दोन पावलांवर आहे. लाल, पिवळ्या रंगांची उंच अरुंद घरे पाहून लोक छायाचित्रांत दंग होतात. पण १५२० च्या नोव्हेंबरात येथे काय घडले, ते जाणून मग पाहावे. डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याने सर्वांना माफी देण्याचे वचन देऊन शहर ताब्यात घेतले. राज्याभिषेकाचा सोहळा आटोपताच त्याने सरदार, बिशप, व्यापारी अशा ऐंशीहून अधिक जणांचा येथे शिरच्छेद करविला. वचन मोडून मिळविलेले राज्य तीन वर्षेही टिकले नाही. १५२३ मध्ये गुस्ताव वासा राजा झाला आणि स्वीडन कायमचा वेगळा झाला.

चौकाच्या उत्तर बाजूची देखणी इमारत अठराव्या शतकात व्यापारी विनिमयगृह म्हणून बांधली गेली. पुढे तेथे शेअर बाजार भरे. आज तळमजल्यावर नोबेल पारितोषिक संग्रहालय आहे. येथे भारतीयांनी अवश्य पाहावी अशी वस्तू म्हणजे अमर्त्य सेन यांची सायकल. बंगालच्या खेड्यांत मुलांची वजने घेत फिरताना ती त्यांनी वापरली होती. १९९८ साली त्यांना मिळालेले अर्थशास्त्राचे पारितोषिक रिक्सबँकेनेच आपल्या त्रिशताब्दीनिमित्त १९६८ साली सुरू केले. पुन्हा वजन, पुन्हा काटा; लोखंडाच्या चौकापासून विचारांची साखळी येथवर येते.

टांकसाळीपासून तिजोरीपर्यंत

राजवाड्याच्या कडेने उतरले की ‘म्यिंततोर्येत’, म्हणजे टांकसाळीचा चौक. पूल ओलांडून संसदभवनाच्या मधून जाणारी वाट पादचाऱ्यांना खुली आहे. संसदेचा पश्चिमेकडील भाग ही रिक्सबँकेची दुसरी वास्तू. १९०६ पासून बँक येथे होती. १९७६ साली ती आणखी उत्तरेला, ब्रुंकेबेर्य चौकातील काळसर दगडाच्या इमारतीत गेली.

तेथून पूर्वेस दहा मिनिटांवर ‘नोर्माल्मस्तोर्य’ हा चौक आहे. २३ ऑगस्ट १९७३ रोजी येथील एका बँकेत शस्त्रधारी दरोडेखोर शिरला आणि चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस तिजोरीच्या खोलीत ओलीस ठेवले. त्यांतील एका तरुणीने पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन करून सांगितले की तिला दरोडेखोरापेक्षा पोलिसांचेच भय वाटते. सर्वजण सुखरूप सुटले, आणि मानसशास्त्रास ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा शब्द मिळाला. तिजोरीच्या खोलीचा तो थंड वास मला ठाऊक आहे. त्या मुलीला नावे ठेवणे मला जमले नाही. ज्यांनी रक्षण करायचे त्यांच्यावरचा भरवसा उडाला की माणूस जो समोर असेल त्याला धरून राहतो.

काही व्यावहारिक सूचना

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत. जाड तळव्याचे बूट हवेत. कार्डाशिवाय फिरू नये. गंमत अशी की २०२४ साली सरकारने घरोघरी पाठविलेल्या आपत्कालीन पुस्तिकेत घरी थोडी रोख रक्कम ठेवावी, असाही सल्ला आहे. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. नियम असणाऱ्यांनी उकळून, गाळून बरोबर घ्यावे.

वेलदोड्याच्या सुगंधाचे गोड पाव सर्वत्र मिळतात, परंतु त्यांवर बहुधा अंड्याचा हात फिरविलेला असतो. विचारल्यावाचून घेऊ नयेत. शाकाहारी पदार्थांतही बटाटा आणि कांदा असतोच. खाखरा, मेतकूट, सुका मेवा जवळ असावा. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असणाऱ्यांना जूनमध्ये चिंता नाही, सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात मात्र तीन वाजण्यापूर्वीच अंधारते आणि दिवस पावणेनऊला उगवतो. त्या दिवसांत जेवणाचे वेळापत्रक आधीच आखावे.

परत आल्यावर क्षमावणीच्या दिवशी मी काकूंच्या घरी गेलो. दरवर्षी जातो, हात जोडतो, ठरावीक शब्द बोलतो. या वर्षी त्या ठेवीचे नाव घेऊन क्षमा मागितली. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तू चांगल्या मनानंच सांगितलं होतंस रे. पण बरं झालं, बोललास.”

आपल्या घरांत आजही कोणी ज्येष्ठ, कोणी विधवा भगिनी ‘तुला कळते’ म्हणून आपल्याला विचारतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी कागद पाहावा, नसेल कळत तर तसे स्पष्ट सांगावे. आणि कधी स्टॉकहोमला जाणे झाले, तर जहाज आणि राजवाड्याबरोबर लोखंडाच्या चौकातील त्या साध्या दारासमोरही पाच मिनिटे थांबावे.

जय जिनेंद्र.