मंगळावरील रोव्हर आणि लक्ष्यनिवडीचा अधिकार

मंगळावरील रोव्हर पृथ्वीवरून चालविला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. दोन ग्रहांमधील अंतरानुसार संदेश एका दिशेने पोहोचण्यास सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. तथापि खरी अडचण या मिनिटांची नाही. आज्ञा बहुधा मंगळावरील दिवसातून एकदाच पाठविल्या जातात. त्यांनुसार रोव्हर नव्या जागी पोहोचतो, तेथील छायाचित्रे पृथ्वीवर येतात, शास्त्रज्ञ त्यांतील एखादा खडक निवडतात आणि मग पुढील आज्ञांत त्याचा समावेश होतो. तोवर रोव्हरने थांबावयाचे, अथवा तो खडक न तपासताच पुढे जावयाचे, एवढेच पर्याय उरतात.

या अडचणीवर उपाय म्हणून नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ‘एजिस’ ही आज्ञावली विकसित झाली. डिसेंबर २००९ मध्ये ती ‘ऑपॉर्च्युनिटी’ या रोव्हरवर पाठविण्यात आली. २०१६ पासून ‘क्युरिऑसिटी’वर तिचा नियमित वापर होत आहे. छायाचित्रातील कडा शोधून ही आज्ञावली बंदिस्त आकृत्या, म्हणजेच संभाव्य खडक, वेगळे काढते. आकार, आकारमान, उजळपणा आदी गुणांवरून त्यांची क्रमवारी लावते आणि अग्रक्रमाच्या खडकावर ‘केमकॅम’ या उपकरणाचा लेसर रोखते. लेसरच्या आघाताने खडकाचा सूक्ष्म अंश तप्त होऊन प्रकाशतो व त्या प्रकाशाच्या वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखता येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ‘एजिस’ने इच्छित प्रकारचे लक्ष्य ९३ टक्के वेळा निवडले, अशी निवड न करता लेसर रोखला असता हे प्रमाण केवळ २४ टक्के अपेक्षित होते.

या आकड्यांवरून यंत्र भूशास्त्रज्ञ झाले, असे मानणे मात्र घाईचे ठरेल. ‘इच्छित’ खडक कोणता, याचे निकष शास्त्रज्ञच आधी ठरवून पाठवितात. यंत्र गुण मोजते. त्यांचा अर्थ लावीत नाही. उजळ खडकास अग्रक्रम द्यावा असे सांगितले असेल, तर शेजारचा काळसर परंतु अपूर्व दगड ते निर्विकारपणे डावलील. म्हणूनच ‘क्युरिऑसिटी’वर ‘एजिस’ची निरीक्षणे मानवी निवडीच्या जोडीला घेतली जातात, तिच्या जागी नव्हे. डावललेला तो दगड छायाचित्रात कोणाच्या नजरेस पडलाच, तर रोव्हरला तेथे थांबवावे की पुढे न्यावे, हे पृथ्वीवरील चमूलाच ठरवावे लागते.