दहा व्होल्टची वेस

सीएनसी मशीनचं टेबल सरकवणाऱ्या सर्व्हो मोटरला वेगाचा हुकूम मिळतो तो, जुन्या पण अजून टिकून असलेल्या पद्धतीत, उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या सिग्नलने. १० म्हणजे पूर्ण वेग. कंट्रोलरच्या गणिताचं उत्तर ४० आलं, तरी तारेतून १०च जातात. पुढे ड्राइव्ह करंटलाही लगाम घालतो, आणि तो हवाच. कित्येक सर्व्हो मोटरी क्षणभर रेटेड टॉर्कच्या तिप्पट जोर लावू शकतात. मात्र करंट तिप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता नऊपट होते.

मर्यादा घातली, पण गणिताला ती कळवलीच नाही, तर काय होतं?

कंट्रोलरच्या पीआयडी गणितातला ‘आय’, म्हणजे इंटिग्रल, चुकीची (हवी ती जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतल्या फरकाची) बेरीज करत जातो. समजा, कापलेल्या धातूची चिप अडकून टेबल २ मिलिमीटर अलीकडेच थांबलं. चूक कायम, म्हणून बेरीज चढत राहते: २०, ३०, ४०. आउटपुट केव्हाच १०वर टेकलेलं असतं, त्यामुळे या वाढीचा उपयोग शून्य. मग चिप निसटते. टेबल ठरल्या जागी पोचतं, चूक संपते, पण साठलेली बेरीज अजूनही पूर्ण वेगच मागते. ती उतरायला उलट दिशेची चूक लागते, आणि ती मिळते टेबल जागा ओलांडून पुढे गेल्यावरच. तोवर टूल जॉबमध्ये घुसू शकतं. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात.

उपाय दोन ओळींचा आहे. आउटपुट मर्यादेला टेकलेलं असताना चूक त्याच दिशेची असेल, तर बेरीज थांबवायची. ट्यूनिंग शिकवताना गेनवर जेवढा वेळ जातो, तेवढा या दोन ओळींवरही जायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

आउटपुट किती झपाट्याने बदलू शकतं, या मर्यादेनेही असाच घात होतो. ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये प्रेक्षकांसमोर ग्रिपेन लढाऊ विमान कोसळलं. वैमानिक मागत होता तितक्या झपाट्याने विमानाचे नियंत्रण-पंख हलू शकत नव्हते. प्रतिसाद मागे पडत गेला आणि विमान हाताबाहेर गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

कारखान्यात अडचण आणखी एक. बेरीज होते कंट्रोलरमध्ये आणि टॉर्कची मर्यादा लागते ड्राइव्हमध्ये. अनेकदा दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. टॉर्क मर्यादेला पोचल्याचं कळवणारा आउटपुट बऱ्याच ड्राइव्हवर असतो. मशीन उभारतानाच तो कंट्रोलरच्या इनपुटला जोडावा, आणि तो सिग्नल आला की बेरीज थांबेल अशी तजवीज प्रोग्रॅममध्ये करावी.