दुखत नाही ना, मग?

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पुरणाची डाळ निवडायची होती, मुखवटे काढून पुसायचे होते, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकायच्या होत्या. त्या घाईत आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या थोडं अलीकडे, हाताला काहीतरी लागलं. बोराएवढं. दाबलं की बोटाखालून निसटायचं. दुखत मात्र नव्हतं.

दुखत नाही ना, मग काही नाही, असं स्वतःलाच सांगून मी साडी नेसले आणि कामाला लागले.

आता मैत्रिणींनो, मीच असं करावं? गेली बारा वर्षं मी वरवट बकाल आणि आसपासच्या गावांत बचत गटांचं काम करते. आरोग्याच्या बैठका घेते. ‘गाठ लागली तर लपवू नका, लगेच दाखवा’ हे वाक्य मी पातुर्ड्यात, सोनाळ्यात, टुनकीला किती वेळा म्हटलं असेल! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा महालक्ष्म्या गेल्या, पाहुणे गेले, पितृपक्ष आला, सोयाबीन काढणीला आलं. पाच आठवडे मी कुणाजवळ बोलले नाही. रोज आंघोळीला गेले की आधी हात तिकडे जायचा. आहे का? आहे. मग दिवसभर तेच डोक्यात.

त्याच दिवसांत आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या. तिशीपुढच्या प्रत्येक माणसाला त्या बरंच काही विचारतात. बीपी, साखर, तंबाखू, आणि बायकांना ‘स्तनात गाठ आहे का’ हेही. प्रश्न चांगलाच आहे. पण तो ओसरीवर विचारला गेला, आणि तिथे मामाजी पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, ‘नाही.’ माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या, त्याही म्हणाल्या, ‘नाही.’ फॉर्म पूर्ण झाला, आशाताई चहा घेऊन पुढच्या घरी गेल्या. आमच्या खारपाणपट्ट्यात आजार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे किडनी येते. त्याविषयी मात्र आम्ही चावडीवर बसूनही बोलतो!

शेवटी धीर करून एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. मी पदर घट्ट धरून सांगितलं, त्यांनी खाली बघत ऐकलं. ‘या वयात होतं, दुधाची गाठ असेल,’ म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. हात काही लावला नाही. त्यांना संकोच, मला संकोच. तपासणी राहूनच गेली. बाहेर पडल्यावर मला आधी बरं वाटलं, आणि एसटी स्टँडपर्यंत येता येता स्वतःचा राग आला. धाकटा लेक सतरा वर्षांचा आहे. त्याला दुधाची गाठ आता कुठली?

गुरुवारी शेगावला दर्शनाला जाते म्हटलं की आमच्याकडे कुणी काही विचारत नाही. तशीच निघाले. शेगावपर्यंत एसटी, पुढे रेल्वेने अकोला. खोटं नको म्हणून आधी महाराजांचं दर्शन घेतलं. रांगेत काय मागितलं ते सांगत नाही.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात बाकावर आम्ही आठ-नऊ जणी होतो. प्रत्येकीच्या मांडीवर फाईल, आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या दारावर. एकीबरोबर नवरा होता, एकीबरोबर मुलगी. मी एकटी. माझ्या शेजारची, तेल्हाऱ्याकडची असावी, हळूच म्हणाली, ‘ताई, पहिल्यांदाच आल्या काय?’ आणि पिशवीतला लाडू माझ्या हातावर ठेवला. तिची ती चौथी खेप होती.

आतल्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पाच आठवडे घालवले नसते. आधी बसवून नुसतं बघितलं. हात खाली, हात वर, हात कमरेवर. मग झोपवून तीन बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवत सगळीकडे दाबून पाहिलं. दोन्ही बाजू, काख, गळ्याच्या हाडाजवळही. पाळी कधी आली होती ते विचारलं. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी तपासणं सोपं जातं म्हणाल्या, तेव्हा सूज कमी असते.

मग मॅमोग्राफी. तिथे माझी फजिती झाली. सकाळी आंघोळ करून मी नेहमीसारखी पावडर लावून गेले होते. पावडरचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात म्हणे! ओल्या कपड्याने सगळं पुसावं लागलं. दोन पट्ट्यांमध्ये धरून छाती दाबतात. दुखतं, पण काही सेकंदच. त्यानंतर सोनोग्राफी. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे.

‘पाणी आहे,’ त्या म्हणाल्या.

माझी गाठ म्हणजे पाण्याची पिशवी होती. चाळिशीत, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत अशा पिशव्या पुष्कळ जणींना होतात. बारीक सुई घालून त्यांनी ते पाणी ओढून घेतलं, पिवळसर हिरवं, जेमतेम चमचाभर. पाच आठवडे माझी झोप उडवणारी ती वस्तू दोन मिनिटांत सपाट झाली. मी रडले. डॉक्टरांनी रडू दिलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते वहीत लिहून आणलं आहे. बायकांना लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कोणती आहे आणि कोणती नाही हे घरी बसून कळत नाही. हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी, या तिन्ही मिळून उत्तर देतात. आणि ‘दुखत नाही’ हे तर उलटं आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. कडक, एका जागी रुतलेली गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्तासारखं पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात होतो, आणि बायका येतात मात्र उशिरा.

मी विचारलं, आमच्या गावात कुठून आणायचं मॅमोग्राफीचं मशीन? तेव्हा त्यांनी मुंबईची गोष्ट सांगितली. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला होता. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका. त्यातल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी, तीही मशीनने नाही, नुसत्या हाताने. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या, तुमच्या-माझ्यासारख्या. तेवीस वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. तरीही माझ्या डोक्यात एकच बसलं. बाईचा शिकलेला हात! आणि आमच्याकडे ओसरीवर ‘नाही’ म्हणून फॉर्म पुढे सरकतो.

त्या रात्री भांडी आवरताना मी सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. दर्शनाचं, अकोल्याचं, सुईचं. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मलेबी हाय तशी एक. होळीपासून. दुखत नाही, म्हणून सांगतलं नाही.’

मी त्यांच्या खोलीचं दार लावलं आणि डॉक्टरांनी केलं तसं तीन बोटांनी पाहिलं. ती गाठ निसटत नव्हती.

सासूबाईंचं वय अडुसष्ट. चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच बाकावर होतो. या वेळी हे बरोबर आले, सोयाबीन शेतात तसंच टाकून. सुईने तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर. पुढचं सगळं नागपूरला झालं, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात. ज्यांची ग्रामगीता आमच्या सासूबाईंना पाठ आहे ते तुकडोजी महाराज १९६८ साली याच आजाराने गेले, हे त्यांना तिथेच आठवलं. ‘महाराजाले झाला, तं मी कोन?’ त्या म्हणाल्या आणि ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवलं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन गेलो होतो म्हणून एक खेप वाचली. एक बाजू काढली. काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेला नव्हता, केमो द्यावी लागली नाही. पाच वर्षं रोज एक हार्मोनची गोळी आहे.

त्यांच्या मनाला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ब्लाऊज एका बाजूने बसेना. मी आतून कापसाची गादी शिवून दिली, आमच्याच शेतातल्या कापसाची. पहिल्यांदा घालून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, ‘या बाजूनं जरा जास्त भरला व तू.’ काढून थोडा कमी केला.

गेल्या महिन्यात आशाताई पुन्हा आल्या. सासूबाईंनी त्यांना ओसरीवर बसूच दिलं नाही. हाताला धरून आत स्वयंपाकघरात नेलं, शेजारच्या दोघी सुनांना हाक मारली आणि दाराला कडी घालून म्हणाल्या, ‘हं, आता विचार.’