शेलेफ्तेओची बॅटरी : संकल्प मोठा, माल थोडा

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. गिऱ्हाइकाने मागणी नोंदविली म्हणजे विक्री झाली, असे होत नाही. माल तोलून, पारखून त्याच्या दारी उतरला, त्याने तो ठेवून घेतला आणि रक्कम वहीत जमा झाली, की मग विक्री. स्वीडनमधील नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीचा इतिहास वाचताना पेढीवरची ही साधी रीत वारंवार आठवते. या कंपनीच्या मागणीवहीत एके काळी सुमारे ५५ अब्ज डॉलरच्या मागण्या होत्या. पृथ्वीवरील सर्वांत स्वच्छ बॅटरी बनविण्याचा तिचा संकल्प होता आणि तो दिखाऊ नव्हता, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. तरीही १२ मार्च २०२५ रोजी तिला स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्या देशाच्या उद्योगविश्वातील ही सर्वांत मोठ्या दिवाळखोऱ्यांपैकी एक होय.

पीटर कार्लसन हे कंपनीचे संस्थापक. त्यापूर्वी ते अमेरिकेच्या टेस्ला कंपनीत कच्चा माल व सुटे भाग मिळविणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी आणि ती बहुतांशी आशियातून येते, हे त्यांनी खरेदीदाराच्या खुर्चीत बसून पाहिले होते. टेस्लामधीलच सहकारी पाओलो चेरुती यांना बरोबर घेऊन २०१६ च्या सुमारास त्यांनी हे काम हाती घेतले. भांडवल उभे करण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. फोक्सवॅगन आणि गोल्डमन सॅक्स हे मोठे भागीदार झाले, युरोपीय गुंतवणूक बँकेने कर्ज दिले, डेन्मार्क व स्वीडनमधील निवृत्तिवेतन निधींनीही पैसा गुंतविला. भागभांडवल आणि कर्ज मिळून १५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कंपनीने उभी केली. जुलै २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोंची, तर मार्च २०२१ मध्ये फोक्सवॅगनने १४ अब्ज डॉलरची मागणी नोंदविली. तोवर मोठ्या कारखान्यातून एकही सेल बाहेर पडला नव्हता.

स्वच्छ बॅटरी म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. विजेची मोटार धूर सोडत नाही. परंतु तिची बॅटरी बनविताना इतकी वीज व रसायने लागतात, की मोटार रस्त्यावर येण्यापूर्वीच तिच्या नावे प्रदूषणाची मोठी बाकी निघालेली असते. त्यातील निकेल, कोबाल्ट आणि लिथियम खाणीतून येते. जगातील बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगो देशातून निघतो आणि तेथील हाताने खणलेल्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे आता सर्वज्ञात आहे. त्यावर कोळशाच्या विजेने कारखाना चालविला, तर बाकी आणखी वाढते. एक किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीमागे सुमारे १०० किलो कार्बन वायू हवेत जातो, असा हिशेब नॉर्थव्होल्टने धरला होता. तो २०३० पर्यंत १० किलोवर आणावयाचा आणि नव्या सेलमधील निम्मा माल जुन्या बॅटऱ्यांतून मिळवावयाचा, असे तिचे ध्येय होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने पूर्णपणे पुनर्वापरातील निकेल, मँगनीज व कोबाल्ट घालून एक सेल तयार केला आणि तो नीट चाललाही. हे काम खरोखर मोलाचे होते.

कारखान्यासाठी निवडलेले गाव होते शेलेफ्तेओ. आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर दक्षिणेस, बाल्टिक समुद्राच्या काठचे. हिवाळ्यात येथे दिवस जेमतेम चार तासांचा असतो. नदीवर जलविद्युत केंद्रे असल्याने वीज स्वच्छ आणि स्वस्त. या परिसराला धातूंचा व्यवहार नवा नाही. जवळच्या बोलिडेन येथे १९२४ मध्ये सोने सापडले, आणि रोनशेर येथील भट्टीत आज जगभरातील इलेक्ट्रॉनिक भंगारातून तांबे व सोने काढले जाते. तरुण मंडळी दक्षिणेकडे निघून चाललेल्या या प्रदेशात हजारो नोकऱ्या येणार म्हटल्यावर नगरपालिकेने घरे, शाळा आणि रस्ते यांची तयारी केली. शंभराहून अधिक देशांतील माणसे येथे कामाला आली. त्यांत भारतीय अभियंतेही होते. २८ डिसेंबर २०२१ रोजी येथे पहिला सेल जुळविला गेला, तेव्हा साऱ्या युरोपात आनंद व्यक्त झाला.

येथून पुढचा भाग मालाचा आहे, आणि खरी कहाणी त्यातच आहे.

बॅटरीचा सेल बनविणे म्हणजे वरवर पाहता लेप लावून सुकविण्याचे काम. काजळासारखी काळी पूड द्रवात कालवून तिचा पातळ लेप ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लावतात. दुसरा, ग्रॅफाइटचा लेप तांब्याच्या पत्र्यावर. मग लांबलचक भट्ट्यांतून पत्रे सुकवावयाचे, रुळांखाली दाबावयाचे, कापावयाचे, एकावर एक रचून डबीत बसवावयाचे, आत विद्युतद्रव भरावयाचा आणि पहिल्यांदा वीज भरून काही दिवस निरीक्षणाखाली ठेवावयाचे. लेप केसाच्या जाडीपेक्षाही थोडक्याने चुकला, तर सेल बाद. हवेतील ओलावा आत गेला, की विद्युतद्रवातील क्षारापासून घातक आम्ल तयार होते. म्हणून वाळवंटाहून कोरड्या खोल्यांत हे काम चालते. धातूचा एखादा कण आत राहिला, तर पुढे मोटारीला आग लागू शकते. धान्याचा हलका माल कमी भावाने का होईना, खपतो. सेलला अशी दुसरी प्रत नाही. बाद झालेला सेल थेट भंगारात जातो.

प्रत्येक नव्या कारखान्यात आरंभीची काही वर्षे भंगाराचे प्रमाण फार असते. अनुभवी उत्पादकांकडे शंभरांतील नव्वदाहून अधिक सेल चांगले निघतात. नॉर्थव्होल्टला हे प्रमाण वेळेत गाठता आले नाही. शेलेफ्तेओच्या कारखान्याची आरंभीची नियोजित क्षमता वर्षाला १६ गिगावॉट-तास होती. २०२३ या संपूर्ण वर्षात प्रत्यक्ष उत्पादन तिच्या एक टक्क्याहूनही कमी झाले.

प्रदूषणाचा हिशेब करणारी मंडळी या आकड्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत, असे मला वाटते. भंगारात गेलेल्या सेलमध्येही खाणीतला तोच निकेल असतो, भट्टीची तीच उष्णता आणि माणसांचे तेच श्रम असतात. जलविद्युत वापरून बनविलेला, पण बाद झालेला सेल कोणतीही मोटार चालवीत नाही. पुनर्वापराच्या कारखान्यांना युरोपात आज मिळणारा कच्चा माल बराचसा जुन्या मोटारींतून न येता नव्या कारखान्यांच्या भंगारातूनच येतो, हा त्यातला विरोधाभास. बॅटरीच्या धंद्यात पहिल्या प्रयत्नात चांगला माल काढणे हीच पर्यावरणाची मोठी सेवा आहे. ती दुकानदाराच्या दृष्टीस पडते, गुंतवणूकदारांना दाखविण्याच्या चित्रफितीत मात्र दिसत नाही.

एक कारखाना नीट चालत नसताना कंपनीच्या नेतृत्वाने काय केले, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. जर्मनीत हाइडे येथे दुसरा कारखाना, कॅनडात मॉन्ट्रियलजवळ तिसरा, गोथेनबर्ग येथे व्होल्वोसह भागीदारी, पोलंडमध्ये ग्दान्स्क येथे वीजसाठ्याच्या बॅटऱ्यांचा प्रकल्प, आणि बोर्लेंगे येथील जुनी कागद गिरणी विकत घेऊन तेथेही नवा बेत. सेलमधील काळी पूडही स्वतःच बनविण्याचे ठरले होते, कारण तिच्याविना स्वच्छतेचा दावा अर्धवट राहिला असता. यंत्रसामग्री बहुतांशी चीन व दक्षिण कोरियातून आणली होती आणि ती चालविण्याचा अनुभव असलेली माणसे थोडी होती. २०२३ च्या अखेरीस कारखान्यातील स्फोटात जखमी झालेल्या एका तरुण कामगाराचा मृत्यू झाला. शाश्वत विकासाच्या अहवालात कार्बन वायूच्या आधी या ओळीला जागा मिळाली पाहिजे.

जानेवारी २०२४ मध्ये कंपनीला ५ अब्ज डॉलरचे हरित कर्ज मंजूर झाले. युरोपात त्या प्रकारचे एवढे मोठे कर्ज तोवर कोणाला मिळाले नव्हते. जूनमध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोंची मागणी रद्द केली. स्कॅनिया ही मालमोटारी बनविणारी कंपनी बॅटऱ्यांची वाट पाहत खोळंबली होती. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील १६०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले आणि काळी पूड बनविण्याचे कामही थांबविण्यात आले. म्हणजे ज्या टप्प्यावर स्वच्छतेचा दावा उभा होता, तोच आधी सोडावा लागला. सरकारने कंपनीत भागीदार होण्यास नकार दिला. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात धनकोंपासून संरक्षण मागितले, त्या वेळी तिच्या हाती सुमारे ३ कोटी डॉलर रोख होते आणि देणे ५.८ अब्ज डॉलरचे. दुसऱ्याच दिवशी कार्लसन मुख्याधिकारी पदावरून दूर झाले. विस्ताराला आपण आधीच लगाम घालावयास हवा होता, हे त्यांनी मान्य केले. ती कबुली प्रांजळ होती, पण तिचा उपयोग होण्याची वेळ टळून गेली होती.

गोल्डमन सॅक्सने सुमारे ९० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. अशा संस्था हा घाव सोसू शकतात. ज्या लहान पुरवठादारांनी उधारीवर माल व सेवा दिली, त्यांच्यासाठी धनकोंच्या यादीत नाव लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. परदेशातून आलेल्या कामगारांची अवस्था त्याहून कठीण झाली. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाची नोकरी गेली, की स्वीडनच्या तेव्हाच्या नियमानुसार तीन महिन्यांत दुसरी शोधावी लागत असे. अन्यथा देश सोडावा लागत असे. घर घेतलेले, मुले शाळेत घातलेली, आणि हाती तीन महिने.

तुलनेसाठी चीनच्या निंगदे शहरातील सीएटीएल या कंपनीकडे पाहता येईल. तिचे संस्थापक झेंग युछुन १९९९ पासून एटीएल या आधीच्या कंपनीत फोन व लहान उपकरणांच्या बॅटऱ्या बनवीत होते. मोटारीच्या बॅटरीसाठी स्वतंत्र कंपनी त्यांनी काढली ती २०११ मध्ये, म्हणजे बारा वर्षे हात बसल्यावर. आरंभीच्या मोठ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे बीएमडब्ल्यूनेच, सुमारे ८०० पानांच्या अटी हाती दिल्या. त्यांनी त्या ओळीन् ओळ वाचून पूर्ण केल्या, असे सांगतात. आज जगातील विद्युत मोटारींच्या एक तृतीयांशाहून अधिक बॅटऱ्या ही एकच कंपनी पुरविते. तिला सरकारचे मोठे पाठबळ मिळाले आणि तिच्या देशातील वीज अजूनही पुष्कळशी कोळशाची आहे, हे विसरून चालणार नाही. स्वच्छतेच्या ध्येयात नॉर्थव्होल्ट पुढे होती. हात बसण्यासाठी लागणारा काळ मात्र तिने स्वतःला दिला नाही, आणि भांडवल देणाऱ्यांनीही तो दिला नाही.

ते ध्येय कायद्याच्या रूपाने उरले आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून मोटारीच्या प्रत्येक बॅटरीला तिची जन्मकुंडली सांगणारे डिजिटल पारपत्र लागेल. २०३१ पासून नव्या बॅटरीत किमान १६ टक्के कोबाल्ट आणि प्रत्येकी ६ टक्के लिथियम व निकेल पुनर्वापरातून आलेले असणे बंधनकारक होईल. आपल्याकडेही २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदार यांच्यावर टाकली आहे. बॅटरी, भंगार किंवा विद्युत वाहनांच्या व्यवसायात असलेल्या कुटुंबांनी ते नियम मुळातून वाचलेले बरे.

शेलेफ्तेओत एक विलक्षण गोष्ट अगदी शेवटी घडली. इतर सगळे बेत सोडून कारखान्याने एका स्कॅनियासाठी सेल बनविण्यावर लक्ष दिले, तेव्हा उत्पादन वाढू लागले आणि चांगल्या सेलचे प्रमाणही सुधारले. दिवाळखोरीनंतर नेमलेल्या विश्वस्तांनी एवढ्या एका गिऱ्हाइकासाठी काम काही महिने चालू ठेवले. ३० जून २०२५ रोजी तेही थांबले. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या लायटेन या कंपनीने तो कारखाना विकत घेण्याचा करार जाहीर केला.