कुंडीतली माती क्षारपड होऊ देऊ नका

सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत आता मनी प्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट अशी पानांची झाडे हौसेने ठेवली जातात. नर्सरीतून आणलेले रोप महिनाभर टवटवीत दिसते, मग पाने पिवळी पडून माना टाकतात. घरात सगळ्यांना वाटते, पाणी कमी पडले. आणखी एक तांब्या ओतला जातो आणि झाड जाते.

यातली बरीच झाडे मूळची उष्ण प्रदेशातल्या जंगलांची. तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत, भुसभुशीत पालापाचोळ्यात ती वाढतात. पाऊस भरपूर, पण पाणी मुळाशी साचत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. चिखलात मुळे कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून ओल्या कुंडीतले झाडही तहानलेले दिसते.

कृष्णाकाठच्या माणसाला हे नवीन नाही. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले गेले, निचरा झाला नाही, क्षार वर आले आणि सोन्यासारख्या जमिनी क्षारपड झाल्या. काळी माती, बोअरचे पाणी आणि बुजलेले छिद्र असले की कुंडीतही तेच घडते. मातीवर येणारा पांढरा थर हीच त्याची खूण.

यासाठी नुसती काळी माती वापरू नये. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे, थोडी जाड वाळू मिसळावी. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. स्नेक प्लांटची माती मात्र पूर्ण सुकू द्यावी. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये बोटाची ही तपासणी रोज करावी आणि कुंड्या पश्चिमेच्या उन्हातून हलवाव्यात. साताऱ्याच्या पावसाळ्यात तीच कुंडी आठ-दहा दिवस ओली राहू शकते. पांढरा थर दिसला तर तो खरवडून काढावा आणि साठवलेले पावसाचे पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्यावे.

हजरत सअद (रजि.) वुजू करताना जास्त पाणी वापरत होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना टोकले आणि वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये असे सांगितले, अशी हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. वुजूचे साबण नसलेले पाणी बादलीत धरले तर कुंड्यांना सहज पुरते.

एक काळजी मात्र घ्यावी. मनी प्लांट, सिंगोनियम आणि डिफेनबाखिया ही अळूच्याच कुळातली. कच्चा अळू घशाला खाजतो, तशीच यांची पाने चघळल्यास तोंडाची आग होते, सूज येते. रांगत्या बाळाच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ती ठेवावीत.

मोठ्या मुलांकडे एकेक कुंडी सोपवावी. नियम एकच: आधी बोट, मग पाणी. झाड ही अमानत आहे आणि पाणीही, हे त्यांना रोजच्या कामातून कळेल.